स्कॅनला न दिसलेलं

बायकोचा रिपोर्ट चांगला आला की लिफ्टवाला घरी येताना केक आणायचा. त्या संध्याकाळीही त्याने आणला. खोका टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि शाळेतल्या पोराने धडा वाचावा तसा रिपोर्ट मोठ्याने वाचला. "मेंदूत नवा डाग नाही. जुने डाग जिथल्या तिथे. ऐकलंस ना, कोच? जिथल्या तिथे!"

कोच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. सगळं गाव तिला कोच म्हणायचं, म्हणून तोही म्हणायचा. तिने केकचा तुकडा उचलला. तो बोटांतून निसटून ताटलीबाहेर पडला.

"छानच की," ती म्हणाली. "मग परवा न्हाणीघरात मला उठता का आलं नाही?"

"फरशी ओली होती."

"न्हाणीघराची फरशी ओलीच असते रे."

तुकडा उचलून त्याने स्वतःच्या तोंडात टाकला.

दोघांची गाठ पडली ती एका बिघाडामुळेच. पोहण्याच्या तलावाच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत ही एकटी. आरडाओरडा न करता ती आपली शिट्टी फुंकत राहिली. एकसारखी, दमदार, काम सोडून पळत यावं अशी. दुरुस्तीला आलेल्या त्याने दार फाकवलं तेव्हा ही गळ्यात शिट्टी, खांद्यावर टॉवेल, अशी समोर. "इतका वेळ लागतो? पोरं पाण्यात आहेत माझी!" एवढं सुनावून ती त्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढली आणि गेलीसुद्धा. त्यानंतर ती लिफ्ट जरा जास्तच वेळा तपासावी लागली. वर्षभरात लग्न झालं.

आजार आला तेव्हा मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. एका सकाळी कोचला डाव्या डोळ्याने सगळं धुरकट दिसायला लागलं आणि बुबुळ हलवलं की आत कळ यायची. डोळा सुधारतो न सुधारतो तोच एक पाय जड झाला. तपासण्या झाल्या, आणि मेंदूच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच फिरतात, मेंदूच्या पांढऱ्या भागात शिरतात आणि तिथल्या तंतूंवरचं आवरण खातात. जिथे खातात तिथे डाग पडतो. "समजा, विजेच्या वायरवरचं आवरण निघालं..." डॉक्टर म्हणाले.

"आवरण निघालं तर वायर जळते, साहेब," लिफ्टवाला मध्येच म्हणाला. "हिचा पाय तर नुसता हळू झालाय."

डॉक्टर हसले. "बरं, वायर सोडा. उदाहरण फसलं माझं."

पुढची कित्येक वर्षं आजार झटक्याझटक्याने आला. झटका आला की हॉस्पिटल, सलाईनमधून औषध, मग काही आठवडे भिंतीला धरून चालणं, आणि पुन्हा तलाव. प्रत्येक वेळी कोच उठायची. थंड पाण्यात उतरली की पायात जीव यायचा तिच्या. उन्हात मात्र विरघळल्यासारखी व्हायची. लिफ्टवाल्याला हा हिशेब पटला होता. बिघाड होतो, दुरुस्ती होते, गाडी पुन्हा चालते. त्याचा जन्म त्यातच गेला होता. मग नवी औषधं आली आणि झटके थांबले ते थांबलेच. वर्षामागून वर्ष स्कॅन स्वच्छ येऊ लागला. लिफ्टवाल्याने मनातल्या मनात आजाराला निरोप देऊन टाकला.

आणि नेमकी तेव्हापासून कोच उतरणीला लागली.

झटका नाही, ताप नाही, काही नाही. भरलेल्या हौदाला कुठेतरी बारीक चीर असावी तशी ती ओसरत चालली. आधी काठी आली. मग काठी असूनही भिंत लागायला लागली. बोलता बोलता ती थांबायची, शब्द शोधत ओठ हलवायची आणि शेवटी हात झटकून "जाऊ दे" म्हणायची. दुपारी झोपायला लागली. जिने आयुष्यात कधी दुपारची झोप माहीत करून घेतली नव्हती, ती.

लिफ्टवाल्याने आपल्यापरीने अर्थ लावला. रिपोर्ट स्वच्छ आहे. म्हणजे मेंदू ठीक आहे. म्हणजे हिनेच कच खाल्ली. तो वाईट माणूस नव्हता. रोज तिच्या पायांना तेल लावायचा, तिचे केस विंचरायचा. पण तेल लावता लावता म्हणायचा, "मनावर घे ना, कोच. पोरांना काय सांगायचीस तू? दमलो म्हणणारा बुडतो." चाकाच्या खुर्चीचा विषय तर त्याने घरात काढूच दिला नाही. "एकदा त्या खुर्चीत बसलीस ना, की उठायची नाहीस."

तिने पहिल्यांदा वाद घातला. मग घालायची थांबली. वाद घालायलाही शब्द लागतात, आणि ते तिला आता जपून वापरावे लागत होते.

तलावावर ती अजून जायची. काठावर खुर्ची टाकून लहान मुलींचा वर्ग घ्यायची. एका दुपारी वर्ग संपला, मुली बाहेर आल्या आणि तिने नेहमीप्रमाणे डोकी मोजायला सुरुवात केली. मोजताना मध्येच अडखळली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पुन्हा मध्येच कुठेतरी आकडा हातातून सुटला. तिसऱ्यांदा मोजत असताना दुसऱ्या टोकाला असलेला तरुण प्रशिक्षक कपड्यांसकट पाण्यात उडी मारताना तिला दिसला. त्याने खोल बाजूने एका मुलीला वर काढलं. पोर खोकली, ओकली, रडली. वाचली. मुलीच्या आईने कोचचा हात धरून "होतं असं कधीकधी" म्हटलं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

त्याच दिवशी तिने शिट्टी ऑफिसात टेबलावर ठेवली आणि घरी आली.

"कुणाच्याही हातून झालं असतं," लिफ्टवाला म्हणाला.

"माझ्या हातून नसतं झालं. मला मोजता आलं नाही. ऐकतोयस? मोजता... आलं नाही. मी बघत होते, डोळे उघडे होते माझे." मग ती म्हणाली, "तो रिपोर्ट काहीतरी लपवतोय. नाहीतर मी तरी खोटं वागतेय. दोनातलं एक. मला कळायला हवं कुठलं."

मेंदूच्या डॉक्टरांपुढे तिने हेच मांडलं. त्यांनी सरळ सांगितलं, की ज्या आजाराचे झटके थांबतात तो पुष्कळदा आत धुमसत राहतो, आणि ते धुमसणं नेहमीच्या स्कॅनला फारसं दिसत नाही. खरं कळतं ते माणूस गेल्यावर, मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की. "मेडिकल कॉलेजात एक बाई आहेत. अशा पेशंटनी दान केलेले मेंदू त्या अभ्यासतात. पण तुम्ही कशाला..."

"फोन नंबर द्या," कोच म्हणाली.

लिफ्टवाल्याला हे मुळीच आवडलं नाही. जिवंत बाईने उठून मेलेल्याचा मेंदू बघायला जायचं, हे काय भलतंच? पण नेल्याशिवाय ती जाऊ शकत नव्हती आणि न नेता तो राहू शकत नव्हता. मी गाडीतच बसणार, या अटीवर तो निघाला.

गाडीतच बसायचं कुठलं! दारापासून त्या खोलीपर्यंतचा बोळ लांबलचक, आणि कोचचा पाय निम्म्यावरच अडला. काखेत हात घालून त्याने तिला आणलं. बोळात औषधाचा डोळ्यांना झोंबणारा वास होता. दारात बुटकीशी, पांढऱ्या केसांची डॉक्टर उभी होती. अंगावर रबरी एप्रन, गळ्यात दोरीला चष्मा.

"या. माझे पेशंट कधी उलटून बोलत नाहीत, त्यामुळे मला बडबडायची सवय आहे. जास्त बोलले तर थांबवा," ती म्हणाली. मग कोचकडे नीट पाहून तिने आवाज खाली आणला. "बघायचंय नक्की? नुसतं सांगितलं तरी चालेल."

"पाण्याखालचा पाय बघितल्याशिवाय पोहणं सुधारता येत नाही," कोच म्हणाली. "वरून सगळ्यांचे हात छानच दिसतात."

डॉक्टरने मान हलवली आणि ट्रेवरचं ओलं कापड बाजूला केलं.

पावाच्या लादीचे कापावेत तसे मेंदूचे काप ओळीने मांडले होते. औषधात मुरलेले, पिवळट पांढरे. हा मेंदू एका बाईंचा होता, डॉक्टरने सांगितलं. तुमच्यासारख्याच, खूप वर्षं आजारी. आपल्यानंतर ज्याला बघायचंय त्याला दाखवा, असं त्या स्वतः सांगून गेल्या होत्या. लिफ्टवाला दाराशी टेकून उभा होता. त्याने ठरवलं होतं, खाली बघायचं. पण नजर गेलीच.

मधल्या पोकळ्या मोठ्या झाल्या होत्या. आजूबाजूचा मेंदू आटला की पोकळी वाढते, डॉक्टर म्हणाली. आणि पोकळ्यांच्या कडेने, जिथे सगळं पांढरं असायला हवं तिथे, राखाडी, काचेसारखे ओलसर ठिपके होते. एकाला लागून दुसरा, काही ठिकाणी दोन-तीन मिळून एक झालेले. डॉक्टरने हातमोज्यातलं बोट त्यातल्या एकावर टेकवलं. "इथे घट्ट लागतं. जखम भरून आलेल्या कातडीसारखं. स्क्लेरोसिस म्हणजे घट्ट होणं, आजाराचं नावच त्यावरून पडलंय. हे डाग स्कॅनला दिसतात. यांचं काही गुपित नाही."

मग तिने त्याच मेंदूचा पातळ काप चिकटवलेली एक काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. शेजारच्या पडद्यावर चित्र उमटलं. गर्द निळं.

"आवरण निळं रंगतं. जिथे आवरण नाही, तिथे रंग नाही." निळ्याच्या मधोमध एक कोरं, फिकट बेट होतं. "हा डाग. आता याची कड बघा." तिने दुसरी काच लावली. बेटाच्या काठाकाठाने तपकिरी पेशींची दाट रांग होती. "या पेशी अजून खातायत. अगदी सावकाश. स्कॅनवर हा डाग वर्षानुवर्षं जिथल्या तिथे दिसला असेल. पण त्याच्या कडेला काम चालूच होतं."

जिथल्या तिथे. लिफ्टवाला दारापासून दोन पावलं आत आला.

डॉक्टर पुढच्या काचेवर गेली. हा मेंदूचा बाहेरचा करडा थर. विचार, आठवण, हिशेब यांचा कारभार बराचसा इथून चालतो. इथेही मोठमोठे पट्टे रंगाविना राहिले होते. "आणि हे साध्या स्कॅनला बहुतेक वेळा दिसतच नाहीत." त्याच्या पुढची काच वरवर चांगली वाटत होती, डाग नव्हताच तिच्यात. तिने भिंग वाढवलं. तंतू होते, पण विरळ. दाट केसांच्या भांगात टाळू दिसायला लागावी तसे. "इथे डाग नाही, तरीही तंतू गेलेत. डागांपाशी तुटले, ते इथपर्यंत वाळत आले."

"म्हणजे रिपोर्ट खोटा असतो?" लिफ्टवाल्याने विचारलं. त्याचा आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"नाही हो. रिपोर्ट खराच असतो. नवा डाग नाही म्हणतो, तर नवा डाग नसतो. सगळं ठीक आहे असं तो कधी म्हणत नाही. ते आपण म्हणतो." डॉक्टरने ट्रेकडे मान केली. "या बाईंचा शेवटचा रिपोर्टही माझ्याकडे आहे. नवा डाग नाही, असाच होता."

"तुमच्या डोक्यात अगदी असंच असेल असं मी म्हणणार नाही," डॉक्टर कोचला म्हणाली. "प्रत्येकाचं वेगळं असतं. पण तुम्ही फोनवर विचारलंत, की डाग नसताना माणूस खचू शकतो का, की ते मनाचे खेळ. तर खचू शकतो. हे बघा, असा."

कोचने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा सुटल्यासारखा झाला होता. कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून खाली ठेवावं तसा. मग तिने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे रंग निळाही नव्हता आणि कोराही नव्हता. "हे काय... फिक्कं?"

"दुरुस्ती," डॉक्टर म्हणाली. "तिथे मेंदूने पुन्हा आवरण चढवलंय. पहिल्यासारखं जाड नाही येत ते. पण चढवलंय."

"औषधाने?"

"आपलं आपणच. होईल तितकं करत असतो तो."

कोच त्या फिक्या निळ्याकडे बघत राहिली. "आतमध्ये एवढी... धडपड," ती अडखळत म्हणाली, "आणि बाहेरून बाई आळशी."

तिने नवऱ्याकडे बघितलंही नाही. तरी ते त्याच्या बरोबर वर्मी बसलं.

दोघं परत निघाली. दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला गाडी थांबली तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "खुर्ची घेऊन टाकू या."

"कसली?"

"चाकांची. कसली काय!"

कोचने मान वळवली. "का रे? रिपोर्ट चांगला आला म्हणून?"

तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा भलताच कसातरी झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तरी त्याला गिअर सापडेना.

खुर्ची आली. ती ढकलायला बोजड होती, तर त्याने सुट्टीच्या दिवशी ती सगळी उकलली, वंगण घातलं, चाकं समांतर केली, आणि त्यानंतर ती लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरायला लागली. घरातले उंबरे त्याने काढून टाकले. खुर्चीत बसली की उठणार नाही म्हणाला होता, पण झालं उलटंच. भिंती धरण्यात जो दम जायचा तो वाचला आणि कोच पुन्हा बाहेर पडायला लागली. बाजारात, बागेत, कधी तलावावर, नुसती बघायला. दुपारी ती झोपली की तो रेडिओचा आवाज कमी करायचा. बोलताना थांबली तर शब्द तिच्या तोंडात न घालता वाट बघायचा. हे शिकायला त्याला बराच काळ लागला, कारण मूळचा तो घाईचा माणूस. पुढचा स्कॅनही स्वच्छ आला. त्याने रिपोर्ट मोठ्याने न वाचता कपाटात ठेवला आणि तिला विचारलं, "तुला कसं वाटतंय, ते सांग."

आपलाही मेंदू द्यायचा, हे कोचने परस्पर ठरवून टाकलं होतं. मुलगी त्या वेळी दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती धावत आली. "आई, तुझे असे काप करून ट्रेवर मांडणार? मला नाही सहन व्हायचं."

"मग तू नको बघूस," कोच म्हणाली. "ती बाई... जिने मेंदू दिला... तिच्याही घरी कुणीतरी रडलंच असेल. पण मला उत्तर मिळालं ना गं."

मुलगी बापाकडे वळली. "बाबा, तू तरी सांग हिला!"

"मी काय सांगू?" लिफ्टवाला म्हणाला. "मी बघून आलोय." आणि त्याने दानाच्या कागदावर तिच्या सहीशेजारी आपली सही केली.

त्यानंतर काही वर्षं गेली. सोपी नव्हती. कोच कधी विनाकारण रडायची, कधी भलत्या जागी हसत सुटायची, आणि दोन्ही वेळा स्वतःच चकित व्हायची. हात गेले, गिळणं अवघड झालं. शब्द इतके थोडे उरले की ते ती निवडून, जवळजवळ चैन म्हणून वापरायची. त्यातले निम्मे तरी नवऱ्याला झापण्यात खर्च व्हायचे. एका हिवाळ्यात छातीत कफ भरला, आणि एका सकाळी मुलगी आणि नवरा दोन्ही बाजूंना असताना ती गेली. लिफ्टवाल्याने तिचे डोळे मिटले, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि उठून कॉलेजात फोन लावला. उशीर चालत नाही, हे त्याला माहीत होतं. पत्ता त्याने नीट सांगितला.

बऱ्याच महिन्यांनी त्या डॉक्टरबाईंनी निरोप पाठवला. काम झालंय, यायचं असेल तर या, नाही आलात तरी काही नाही. तो गेला. मुलगी त्याला घेऊन आली, पण बोळाच्या तोंडाशीच थांबली.

ट्रे नको, असं त्याने आधीच सांगितलं होतं. डॉक्टरने फक्त पडदा लावला. या वेळी तिची बडबड नव्हती. एकेक काच लावत ती थोडक्यात सांगत गेली, आणि तो खुर्ची जवळ ओढून बघत राहिला. बाहेरच्या थरात कोरे पट्टे होते. जवळजवळ प्रत्येक काचेत होते. आतल्या भागात तर निळं शोधावं लागत होतं.

"तलावावर त्या दिवशी तिला मोजता आलं नव्हतं," तो म्हणाला. "ते यामुळेच ना?"

"एका दिवसाचं एका जागेवर बोट ठेवून मी सांगू शकत नाही. सांगितलं तर ती थाप होईल." डॉक्टरने चष्मा काढला. "पण हे जे दिसतंय, ते एका दिवसाचं नाही. बरंच आधीपासूनचं आहे. मला उलटंच विचारायचं होतं तुम्हाला. एवढं सगळं होऊनही त्या शेवटपर्यंत बोलत होत्या?"

"बोलायची. थांबून थांबून. शेवटच्या आठवड्यात मला 'उशी सरळ कर, गाढवा' म्हणाली. सबंध वाक्य."

डॉक्टर हसली, आणि मग बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिली.

"दुसऱ्या पेशंटना दाखवलं तर चालेल?" तिने विचारलं.

"तिनेच सांगून ठेवलंय, दाखवा म्हणून." तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "एक करा. बरोबर नवरा आला असेल, तर त्याला आधी आत घ्या. गाडीत बसतो म्हणेल. बसू देऊ नका."

बाहेर मुलगी उभी होती. त्याने तिच्या हातातून किल्ली घेतली, मी चालवतो म्हणाला, आणि दोन चौक नीट चालवलीही. मग त्याने गाडी एका बंद दुकानासमोर बाजूला घेतली, हँडब्रेक लावला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्याने रडला. ती गेली त्या दिवशी तो असा रडला नव्हता. मुलीने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग पट्टा सोडला आणि बापाच्या पाठीवर हात ठेवला.

"सांग ना, बाबा," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "काय दिसलं?"

त्याने बाहीने तोंड पुसलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.